एका गटात दोन कांस्यपदके का?
तायक्वांदोचे निकाल आणि हरलेल्यांना मिळणारी दुसरी संधी

क्रीडास्पर्धांचे निकाल प्रसिद्ध झाले की आपली नजर प्रथम सुवर्णपदकाच्या रकान्याकडे वळते. तेथील नाव वाचून झाले की रौप्यपदकाकडे आपण ओझरते पाहतो आणि कांस्यपदकापर्यंत पोहोचेपर्यंत आपले कुतूहल बहुधा संपलेले असते. पदक न मिळालेल्यांची नावे तर आपण वाचतही नाही. परंतु तायक्वांदो या खेळाचे ऑलिंपिकमधील निकाल वाचताना कांस्यपदकाच्या रकान्याशी क्षणभर थांबावे लागते, कारण तेथे एक नव्हे, दोन नावे असतात. २०२४ साली पॅरिस येथे झालेल्या ऑलिंपिकमध्ये तायक्वांदोचे आठ वजनगट होते. त्या आठ गटांत आठ सुवर्ण, आठ रौप्य आणि सोळा कांस्य अशी एकूण बत्तीस पदके दिली गेली.

तिसरा क्रमांक दोघांना का? ही केवळ उदारता आहे काय? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो म्हणजे खेळाच्या नियमपुस्तकात दडलेला एक मोठा मानवी विचार हाती लागतो. आपल्या श्रद्धाजीवनाशी आणि आपल्या घरातील मुलाबाळांशी त्याचा निकटचा संबंध आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळाची ओळख

तायक्वांदो हा मूळचा कोरियातील खेळ. या नावात तीन शब्द आहेत. 'ताए' म्हणजे पायाने केलेला प्रहार, 'क्वोन' म्हणजे मुठीने केलेला प्रहार आणि 'दो' म्हणजे मार्ग. हातापायांच्या साहाय्याने आत्मसंरक्षण करीत असताना मनाला लावायची शिस्त असा त्याचा एकत्रित अर्थ सांगता येईल. आपल्याकडेही अनेक शाळांतून कराटेप्रमाणेच तायक्वांदोचे वर्ग चालतात. पांढरा गणवेश आणि कमरेला रंगीत पट्टा बांधलेली मुले आपण पाहिलेली असतात.

या खेळाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७३ साली दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे झाली. १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो प्रात्यक्षिकाचा खेळ म्हणून दाखविण्यात आला आणि २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून त्याला पदकांचा पूर्ण दर्जा मिळाला. सिडनीत व त्यानंतर २००४ साली अथेन्स येथे प्रत्येक गटात एकच कांस्यपदक होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून दोन कांस्यपदके देण्यास प्रारंभ झाला.

लढत अष्टकोनी मैदानावर होते. एक खेळाडू निळ्या आणि दुसरा लाल संरक्षक कवचात असतो. कवचात विद्युत यंत्रणा बसविलेली असल्यामुळे अचूक व पुरेशा जोराच्या लाथेची नोंद आपोआप होते. पॅरिसच्या स्पर्धेत छातीवरील कवचावर मारलेल्या ठोशाला एक गुण, तेथेच मारलेल्या लाथेला दोन आणि डोक्यावर मारलेल्या लाथेला तीन गुण होते. शरीराची गिरकी घेऊन मारलेली लाथ छातीवर बसली तर चार आणि डोक्यावर बसली तर पाच गुण मिळत. एक फेरी दोन मिनिटांची असते आणि तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो.

लढतीच्या आरंभी आणि शेवटी दोन्ही खेळाडू एकमेकांपुढे मान लववितात. प्रतिस्पर्ध्याला वंदन केल्याशिवाय लढत सुरू होत नाही आणि वंदन केल्याशिवाय ती संपत नाही.

पॅरिसचे निकाल

पॅरिसमधील 'ग्राँ पाले' या काचेच्या घुमटाच्या भव्य वास्तूत ७ ते १० ऑगस्ट २०२४ या चार दिवसांत ही स्पर्धा झाली. दररोज पुरुषांचा एक आणि महिलांचा एक असे दोन गट खेळविण्यात आले. ऑलिंपिकमध्ये एका गटातील सर्व लढती एकाच दिवशी पूर्ण होतात, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिचे महत्त्व कळून येईल.

पहिल्या दिवशी पुरुषांच्या ५८ किलोखालील गटात कोरियाचा पार्क ते-जून आणि महिलांच्या ४९ किलोखालील गटात थायलंडची पानिपाक वोंगपत्तनकीत यांनी सुवर्णपदक मिळविले. पानिपाकने टोकियो येथे जिंकलेले सुवर्णपदक पॅरिसमध्ये राखले. दुसऱ्या दिवशी उझबेकिस्तानच्या उलुगबेक राशितोवनेही ६८ किलोखालील गटात आपले टोकियोचे सुवर्णपदक राखले, तर महिलांच्या ५७ किलोखालील गटात कोरियाची किम यू-जिन विजयी झाली. तिसऱ्या दिवशी ट्युनिशियाचा फिरास कतूसी आणि हंगेरीची विविआना मार्टोन यांनी बाजी मारली. हंगेरीला या खेळात मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. शेवटच्या दिवशी इराणचा आरियन सलीमी आणि यजमान फ्रान्सची अल्थेआ लोराँ विजयी झाली.

देशवार पाहू गेल्यास कोरियाला दोन सुवर्ण व एक कांस्य मिळाले. इराणच्या चार खेळाडूंनी भाग घेतला होता आणि चौघेही पदक घेऊन परतले: एक सुवर्ण, दोन रौप्य, एक कांस्य. बत्तीस पदके बावीस देशांत वाटली गेली. जॉर्डन, कोत दिव्वार, क्युबा, क्रोएशिया, डेन्मार्क अशा देशांची नावे या यादीत दिसतात. भारताचा कोणीही खेळाडू पॅरिसमध्ये या खेळासाठी पात्र ठरला नव्हता.

येथवरची माहिती कोणत्याही निकालपत्रकात सापडेल. आता त्या दुसऱ्या कांस्यपदकाकडे वळू या.

'रेपेचेज' म्हणजे काय?

ऑलिंपिकच्या एका गटात सामान्यतः सोळा खेळाडू असतात. पहिल्या फेरीत आठ जण हरतात, उपांत्यपूर्व फेरीत चार आणि उपांत्य फेरीत दोन. उरलेले दोघे अंतिम लढत खेळतात. साध्या बाद पद्धतीत जो एकदा हरला तो घरी गेला. यात एक अन्याय संभवतो. कोणाची गाठ कोणाशी पडावी हे सोडतीवर अवलंबून असते. समजा, गटातील सर्वांत बलवान दोन खेळाडूंची गाठ पहिल्याच फेरीत पडली, तर त्यांपैकी एकाला काहीही दोष नसताना सकाळीच घरचा रस्ता धरावा लागेल.

हा अन्याय दूर करण्यासाठी जी व्यवस्था आहे तिला 'रेपेचेज' म्हणतात. अंतिम फेरीत पोहोचलेल्या दोघांनी वाटेत ज्यांना ज्यांना हरविले, त्यांना पुन्हा खेळण्याची संधी मिळते. प्रत्येक अंतिम खेळाडूने तिघांना हरविलेले असते. म्हणजे एकूण सहा जण परत येतात. त्यांपैकी पहिल्या आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलेले आधी आपसांत लढतात. त्यातून जे दोघे विजयी होतात त्यांची गाठ उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांशी पडते. अशा दोन लढतींतून दोन कांस्यपदके ठरतात. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही थेट कांस्यपदक दिले जाते. ऑलिंपिकमध्ये मात्र ते पुन्हा लढून मिळवावे लागते.

हा शब्द मूळचा फ्रेंच. त्या भाषेत 'पेश' म्हणजे मासेमारी आणि 'रेपेशाज' म्हणजे पाण्यात गेलेले पुन्हा बाहेर काढणे, जणू दुसऱ्यांदा जाळे टाकणे. परीक्षेत थोड्या गुणांनी अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला आणखी एक संधी देऊन उत्तीर्ण करून घेणे, या अर्थानेही फ्रेंच लोक तो वापरतात. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना या शब्दाचा मर्म समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जाळ्यातून निसटलेला मासा समुद्रात हरवतो, पण हाडाचा कोळी पुन्हा जाळे टाकतोच.

भारतीयांना हा शब्द कुस्तीमुळे परिचित झाला आहे. २००८ साली बीजिंग येथे सुशील कुमार आपली पहिलीच लढत हरला होता. २०१२ साली लंडन येथे योगेश्वर दत्त आणि २०१६ साली रिओ येथे साक्षी मलिक यांच्याही वाट्याला आधी पराभव आला होता. तिघांनाही हरविणारे मल्ल अंतिम फेरीत पोहोचले, तिघांनाही रेपेचेजचे दार उघडले आणि तिघांनीही कांस्यपदक मिळविले. साक्षी तर कांस्यपदकाच्या लढतीतही ०-५ अशी पिछाडीवर होती आणि तेथून तिने ती लढत ८-५ अशी जिंकली. भारतीय महिलेला कुस्तीत मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक. रेपेचेज नसते तर या तीन नावांचा आपल्याला आज विसर पडला असता.

एकाच चबुतऱ्यावर दोघी

पॅरिसमधील महिलांच्या ५७ किलोखालील गटाचा निकाल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सुवर्ण कोरियाच्या किम यू-जिनला, रौप्य इराणच्या नाहिद कियानीला आणि कांस्य दोघींना: कॅनडाची स्कायलर पार्क आणि बल्गेरियाची किमिया अलीझादेह.

किमिया ही मूळची इराणची. २०१६ साली रिओ येथे वयाच्या अठराव्या वर्षी तिने कांस्यपदक मिळविले. ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली इराणी महिला. मायदेशी तिचा मोठा गौरव झाला. परंतु २०२० च्या जानेवारीत तिने देश सोडल्याचे जाहीर केले आणि ती जर्मनीत राहू लागली. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती निर्वासितांच्या संघातून उतरली. तेथे पहिल्याच लढतीत तिची गाठ पडली ती नाहिद कियानीशी, म्हणजे आपल्याच जन्मभूमीच्या खेळाडूशी. किमिया जिंकली. पुढच्या लढतीत तिने ब्रिटनच्या जेड जोन्स या दोन वेळच्या ऑलिंपिक विजेतीलाही हरविले. परंतु उपांत्य लढत ती हरली, कांस्यपदकाची लढतही हरली आणि रिकाम्या हाताने परतली.

२०२४ साली बल्गेरियाने तिला नागरिकत्व दिले आणि त्या देशाच्या वतीने ती पॅरिसला आली. सोडतीत पुन्हा तीच गाठ पडली. पहिल्याच लढतीत समोर नाहिद कियानी उभी होती. या वेळी नाहिद जिंकली. किमियाची स्पर्धा तेथेच संपली, असे कोणालाही वाटले असते.

आता रेपेचेजचा नियम आठवावा. किमियाला परत यायचे असेल तर एकच मार्ग होता. तिला हरविणाऱ्या नाहिदने पुढच्या सर्व लढती जिंकून अंतिम फेरी गाठली पाहिजे. नाहिद मध्येच हरली तर किमियाचेही दार बंद. ज्या खेळाडूने आपल्याला हरविले, तिच्या विजयावर आता आपली आशा अवलंबून! गटातील सर्व लढती एकाच दिवशी असल्यामुळे हरलेल्या खेळाडूला घरी जाता येत नाही. थकलेले शरीर आणि दुखावलेले मन घेऊन त्याच वास्तूत दुसऱ्याच्या निकालाची वाट पाहावी लागते. त्याच दिवशी पुन्हा कवच बांधून उभे राहण्याची तयारीही ठेवावी लागते.

नाहिदने उपांत्य फेरीत लेबनॉनच्या लेतिसिया आऊनला हरवून अंतिम फेरी गाठली. किमियाला दार उघडले. रेपेचेजमधून ती कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत आली. तेथे समोर होती जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी असलेली चीनची लुओ झोंगशी. उपांत्य फेरीत किम यू-जिनने तिला हरविले होते. किमियाने ती लढत जिंकली. दुसऱ्या बाजूने स्कायलर पार्कने लेबनॉनच्या लेतिसिया आऊनला हरवून दुसरे कांस्यपदक मिळविले. अंतिम लढतीत जागतिक क्रमवारीत चोविसाव्या क्रमांकावर असलेल्या किम यू-जिनने नाहिदला दोन्ही फेऱ्यांत पराभूत केले. तरीही नाहिदचे रौप्यपदक हे इराणी महिलेला ऑलिंपिकमध्ये मिळालेले पहिले रौप्यपदक ठरले.

अशा रीतीने एकाच देशात जन्मलेल्या, दोन वेगवेगळ्या ध्वजांखाली लढलेल्या आणि एकमेकींना एकेकदा हरविलेल्या या दोन तरुणी एकाच चबुतऱ्यावर उभ्या राहिल्या. त्यांच्या मायदेशाच्या राजकारणाविषयी येथे काही म्हणायचे नाही. सांगायचे आहे ते एवढेच की, नाहिदच्या विजयावाचून किमियाला ते पदक मिळणे शक्य नव्हते.

प्रतिस्पर्ध्याचा आधार

याच स्पर्धेतील आणखी एक प्रसंग सांगितला पाहिजे. पुरुषांच्या ५८ किलोखालील गटाच्या अंतिम लढतीत अझरबैजानचा गाशिम मागोमेदोव पायाच्या दुखापतीने जायबंदी झाला आणि दुसऱ्या फेरीत त्याला लढत पुढे चालू ठेवता आली नाही. वेदनेने त्रस्त प्रतिस्पर्ध्यावर पार्क ते-जूनने प्रहार चालू ठेवला म्हणून काही प्रेक्षकांनी नाराजी दर्शविली. पंचांनी थांबविल्याशिवाय थांबायचे नाही अशीच शिकवण असल्याचे पार्कने नंतर स्पष्ट केले. परंतु लढत संपल्यावर विजयाचा जल्लोष करण्याआधी तो खाली पडलेल्या मागोमेदोवजवळ गेला. पुढे पदकप्रदान समारंभाच्या वेळी मागोमेदोवला धड चालता येत नव्हते, तेव्हा पार्कने त्याला आपल्या खांद्याचा आधार दिला आणि दोघे बरोबरच चबुतऱ्याकडे चालत गेले. ज्याने पाडले त्यानेच हात दिला. लढतीच्या आरंभीच्या आणि अखेरच्या वंदनाचा अर्थ याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

ख्रिस्तसभा आणि तायक्वांदो

या खेळाचा आणि ख्रिस्तसभेचा संबंध केवळ दृष्टांतापुरता नाही. ३० मे २०१८ रोजी जागतिक तायक्वांदो संघटनेच्या प्रात्यक्षिक पथकाने रोम येथील संत पेत्र चौकात पोप फ्रान्सिस यांच्यासमोर आपली कला सादर केली. विजयापेक्षा शांती अधिक मोलाची आहे, अशा अर्थाचा फलक त्या वेळी खेळाडूंनी उलगडला होता. त्यानंतर दोनच दिवसांनी, १ जून २०१८ रोजी, व्हॅटिकनने क्रीडा आणि मानवी व्यक्ती यांविषयी एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. माणसाने आपल्यातील सर्वोत्तम ते द्यावे, हे त्या दस्तऐवजाचे सूत्र. २०२१ साली व्हॅटिकनला जागतिक तायक्वांदो संघटनेचे सदस्यत्वही मिळाले.

निर्वासितांसाठी या खेळाने केलेले कार्यही पोप फ्रान्सिस यांच्या तळमळीशी जुळणारे आहे. २०१६ साली स्थापन झालेल्या तायक्वांदो मानवतावादी प्रतिष्ठानाने जॉर्डनमधील अझराक येथे सीरियाच्या निर्वासितांच्या छावणीत मुलांना हा खेळ शिकविण्यास प्रारंभ केला. त्याच छावणीत खेळ शिकलेला याह्या अल घोतानी हा युवक २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघाचा ध्वज घेऊन सीन नदीवरील उद्‌घाटन सोहळ्यात सहभागी झाला. त्याला पदक मिळाले नाही. परंतु निर्वासितांच्या वस्तीतून निघून तो जगाच्या क्रीडांगणापर्यंत पोहोचला, हीच त्याची दुसरी संधी. त्यानंतर काही दिवसांनी, २९ ऑगस्ट २०२४ रोजी, अफगाणिस्तानातून २०२१ साली बाहेर काढण्यात आलेल्या झाकिया खुदादादी हिने पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये तायक्वांदोचे कांस्यपदक मिळविले. निर्वासितांच्या संघाला पॅरालिंपिकमध्ये मिळालेले ते पहिलेच पदक.

२०२५ हे ख्रिस्तसभेचे ज्युबिली वर्ष होते. त्या वर्षी १५ जून रोजी, पवित्र त्रैक्याच्या सणाच्या दिवशी, क्रीडाविश्वाच्या ज्युबिलीनिमित्त पोप लिओ चौदावे यांनी संत पेत्र महामंदिरात मिस्सा अर्पण केली. त्या प्रवचनात त्यांनी एक मार्मिक विचार मांडला. केवळ बलवान आणि विजयी लोकांनाच जगण्याचा अधिकार आहे असे भासविणाऱ्या आजच्या समाजाला खेळ हरायलाही शिकवितो. कधीही न चुकणारा, कधीही न हरणारा खेळाडू अस्तित्वात नाही. विजेते म्हणजे निर्दोष यंत्रे नव्हेत, पडल्यावर पुन्हा उठण्याचे धैर्य दाखविणारी ती हाडामांसाची माणसे आहेत, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

पेत्राचे रेपेचेज

शुभवर्तमानात जाळ्याच्या दोन घटना आहेत. संत लूककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात पेत्र रात्रभर कष्ट करूनही रिकाम्या हाताने परतलेला आहे. प्रभू येशूच्या शब्दावरून तो पुन्हा जाळे टाकतो आणि जाळी फाटू लागतील एवढे मासे मिळतात. तेथेच त्याला पाचारण होते. संत योहानकृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात पुन्हा तेच सरोवर, पुन्हा तशीच निष्फळ रात्र आणि पुन्हा त्याच प्रभूचा शब्द. मधल्या काळात मात्र फार मोठी गोष्ट घडून गेलेली आहे. कोळशाच्या शेगडीजवळ पेत्राने आपल्या प्रभूला तीनदा नाकारले आहे. तो हरलेला आहे.

पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून त्याची वाट पाहतो, त्याला खाऊ घालतो आणि तीनदा नाकारणाऱ्याला तीनदा एकच प्रश्न विचारतो. तो प्रश्न प्रेमाचा आहे. प्रभूने त्याच्याकडे पराभवाचा हिशेब मागितला नाही. माणसे धरणारा म्हणून नेमलेला कोळी येथे स्वतःच पुन्हा पाण्याबाहेर काढला गेला. 'रेपेशाज' या शब्दाचा याहून सुंदर अर्थ कोणता असू शकेल?

आणखी एक साम्य विचार करण्याजोगे आहे. रेपेचेजमध्ये हरलेल्याला जी संधी मिळते ती दुसऱ्याच्या विजयामुळे मिळते. आपलेही तारण स्वतःच्या बळावर झालेले नाही. पाप आणि मरण यांवर ख्रिस्ताने मिळविलेल्या विजयामुळे आपल्याला दार उघडले आहे.

परंतु साम्य येथेच संपते आणि फरक सुरू होतो. सोळा खेळाडूंपैकी दोघे अंतिम फेरीत जातात आणि सहा जण परत येतात. उरलेल्या आठ जणांना दुसरी संधी मिळत नाही. त्यांना हरविणारा खेळाडू पुढे टिकला नाही, एवढेच त्यांचे दुर्दैव. शिवाय परत आलेल्यांनाही जास्तीत जास्त कांस्यपदकच मिळू शकते. सुवर्णाचा मार्ग त्यांना कायमचा बंद झालेला असतो. खेळाच्या नियमाला याहून अधिक करता येणार नाही. स्पर्धेला कोठेतरी सीमा हवीच.

देवाच्या दयेला मात्र ही सीमा नाही. उधळ्या पुत्राला बापाने तिसऱ्या क्रमांकावर उभे केले नाही. उत्तम झगा, बोटात अंगठी, पायांत वहाणा आणि मेजवानी असा पूर्ण पुत्राचा मान त्याला दिला. थोरल्या भावाला ते अन्यायाचे वाटले, जसे दोन कांस्यपदके पाहून एखाद्या काटेकोर माणसाला वाटू शकेल. संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीचा दाखला देतो. धावतात सर्व, पण बक्षीस एकालाच मिळते, हे त्याला माहीत होते. तोच पौल आयुष्याच्या अखेरीस तिमथीला लिहिताना मात्र आपल्यासाठी राखून ठेवलेला मुकुट प्रभूच्या आगमनाची आवड धरणाऱ्या सर्वांसाठीही आहे, असे सांगतो. देवराज्याच्या निकालपत्रकात क्रमांकाचे रकाने नाहीत.

आपल्या घरातील निकाल

हे सर्व आपल्या घरापर्यंत आले नाही तर त्याचा उपयोग नाही. दहावी-बारावीचे निकाल लागतात, तेव्हा आपल्या धर्मग्रामांतील काही घरांत पेढे वाटले जातात आणि काही घरांची दारे बंद असतात. मुलगा किंवा मुलगी अनुत्तीर्ण झाली की आईवडिलांना शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर मान खाली गेल्यासारखे वाटते. मग घरात जे शब्द उच्चारले जातात ते मुलांच्या मनात वर्षानुवर्षे रुतून राहतात. एखादे कोवळे मन तर त्या शब्दांच्या भाराखाली कायमचे मोडून पडते. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि हळहळतो.

परीक्षा मंडळानेही पुरवणी परीक्षा ठेवलेली आहे. ऑलिंपिकसारख्या कठोर स्पर्धेने हरलेल्यांसाठी दुसरे दार ठेवले आहे. मग ख्रिस्ती कुटुंबात ते दार का असू नये? मैदानावरून परतलेल्या मुलाला आपण बहुधा पहिला प्रश्न विचारतो, "जिंकलास का?" त्याऐवजी "कसा खेळलास? समोरच्याशी हात मिळवलास का?" असे विचारून पाहावे. नोकरी गमावलेला तरुण, व्यवसायात खोट आलेला भाऊ, व्यसनातून बाहेर पडण्याचा प्रयत्न करणारा बाप, संसार मोडल्यामुळे माहेरी परतलेली बहीण, ही सर्व माणसे आपल्या शेजारच्या बाकावर मिस्सेला बसतात. काही जण लाजेने येईनासे झालेले असतात. त्यांना पुन्हा मैदानात बोलावणे हे धर्मग्रामाचे काम आहे.

दुसरी संधी म्हणजे फुकटचे पदक नव्हे, हेही मुलांना सांगितले पाहिजे. किमियाला बोलावणे आले तेव्हा ती तयार होती. पहिल्या पराभवानंतर तिने कवच उतरवून घरची वाट धरली असती, तर नाहिदच्या विजयाचा तिला काहीही उपयोग झाला नसता. प्रायश्चित्त संस्कारातही हेच घडते. दया देवाची असते, परंतु उठून बापाकडे निघावे लागते ते आपल्याच पायांनी.

यापुढे कोणत्याही स्पर्धेचे निकालपत्रक हाती आले तर सुवर्णपदकाचे नाव वाचून पान उलटू नये. खाली कांस्यपदकाच्या रकान्यात दोन नावे असतील. त्यांपैकी एखादे नाव त्याच दिवशी सकाळी हरलेल्या खेळाडूचे असण्याची शक्यता आहे. ते नाव वाचताना आपल्या घरातील, आपल्या धर्मग्रामातील हरलेल्या एखाद्या व्यक्तीचे स्मरण करावे आणि तिच्यासाठी एक प्रार्थना करावी. नंतर जमल्यास तिच्या दारावर थाप मारावी.